टाल्बाखचं विरजण

माझ्या बायकोचा अमेरिकेतल्या दह्यावर विश्वास नाही. "डबा उपडा केला तरी हलत नाही, ते दही कसलं?" असं ती विचारते आणि या प्रश्नाला आजवर कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. म्हणून इलिनॉयमधल्या शॉमबर्गला मुलीकडे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुलभानं पलीकडच्या इमारतीतल्या एका काकूंशी ओळख काढली आणि त्यांच्याकडून वाटीभर विरजण आणलं. तेव्हापासून ते घरातल्या माणसासारखं राहतंय. आम्ही कुठे मुक्कामाला निघालो की तेही निघतं.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही विस्कॉन्सिनमधल्या टाल्बाख नावाच्या गावाला निघालो तेव्हाही ते होतं. मागच्या सीटवर, सुलभाच्या मांडीवर, माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात. माझी बॅग डिकीत.

"आई, आपण चीजच्या गावाला चाललोय," मैत्रेयी गाडी चालवता चालवता म्हणाली. "तिथे दही कॅरी करून कोण जातं?"

"चीज काय भातावर घालून खाणारेस?" सुलभा म्हणाली, आणि विषय संपला.

शॉमबर्ग सोडलं की बराच वेळ सपाट प्रदेश लागतो. इतका सपाट, की परातीत ठेवलेल्या मुंगीला काय वाटत असेल ते कळतं. मका कापून झाला होता आणि मैलोन्‌मैल नुसते खुंट उभे होते. राज्याची हद्द ओलांडली आणि जमिनीनं हळूहळू अंग मोडायला सुरुवात केली. आधी एखादी टेकडी, मग टेकड्यांच्या मधून गेलेला ओढा, मग उतारावर काळ्यापांढऱ्या गायी, लाल रंगाचे गोठे आणि त्यांच्या शेजारी सायलो (जनावरांचा चारा साठवायची उंच, गोल कोठी). पानं लाल-पिवळी होऊन अर्धी गळून गेली होती. सुलभा बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या बाबतीत ही फार मोठी पावती असते.

मी मात्र बोलत होतो. आदल्या आठवड्यात फोनवर चीजसंबंधी बरेच व्हिडिओ पाहिल्यामुळे मी त्या विषयातला जाणकार झालो होतो. वाटेत पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा मी दुकानातून कर्ड्‌स (साच्यात दाबण्याआधीचे ताज्या चीजचे तुकडे) घेऊन आलो आणि दोघींना व्याख्यान देत देत एक तोंडात टाकला. चावल्याबरोबर तोंडातून 'कुई' असा आवाज आला. माझ्या दाढेवर गेल्या वर्षी बसवलेली कॅप आहे. ती निघाली, अशी माझी खात्री पटली. मी तो घास कागदी रुमालात काढला आणि पंपाशेजारी उजेडात चाचपून पाहू लागलो.

"काय शोधताय?" सुलभानं विचारलं.

"दात."

काउंटरवरची मुलगी बाहेर कचरा टाकायला आली होती. ती हसून म्हणाली, "वाजला ना? म्हणजे आजचाच आहे. शिळा वाजत नाही." ही गोष्ट एकाही व्हिडिओत नव्हती.

टाल्बाखला रस्ता एकच. एक चर्च, एक बार, पशुखाद्याचं दुकान, थोडीशी घरं आणि रस्ता संपतो तिथे दगडी जोत्याची चीज डेअरी. स्वित्झर्लंडहून आलेल्या लोकांनी हे गाव वसवलं. आजूबाजूच्या मोजक्या घरांतल्या गायींचं दूध इथे येतं आणि त्याच्या चीजची मोठमोठी चाकं होतात. डेअरीच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी खोली आहे. आमचा मुक्काम तिथेच होता.

डेअरीची मालकीण रूथ, पन्नाशी ओलांडलेली, माझ्याहून उंच, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. तिनं हात मिळवला तेव्हा माझी बोटं एकमेकांवर चढली.

"स्वागत आहे," ती म्हणाली. "ही पिवळी रेघ दिसतेय ना? तिच्या पलीकडे जाताना बूट बदलायचे, हात धुवायचे, डोक्याला जाळी लावायची. आणि स्वतःचं खाणं रेघेच्या अलीकडेच ठेवायचं. एवढाच नियम."

"माझी दाढी?" मी गमतीनं विचारलं.

तिनं गंभीरपणे मला दाढीची वेगळी जाळी दिली. ती लावल्यावर मी दात काढून घरी परतलेल्या पेशंटसारखा दिसत होतो. मैत्रेयीनं लगेच फोटो काढून पुण्याला पाठवला.

आत गेल्यावर मात्र माझी थट्टा आपोआप थांबली. मधोमध तांब्याची प्रचंड कढई. आपल्याकडच्या लग्नातल्या आचाऱ्यानं पाहिली असती तर त्यानं नमस्कार केला असता. बाहेरून काळवंडलेली, आतून नव्या पैशासारखी लखलखीत. तळघरात लाकडी फळ्यांवर जात्याच्या तळ्या मांडून ठेवाव्यात तशी चीजची चाकं ओळीनं बसलेली. रूथ एकेक चाक फळीवरून ओढायची, मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं घासायची, उलटं करून पुन्हा ठेवायची. वर्षभर. ओलं पोतं, भाजलेले शेंगदाणे आणि गोठा यांचा मिळून एक वास तिथे भरला होता. पहिल्या श्वासाला मी मागे सरलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी मुद्दाम खोल श्वास घेतोय.

सुलभाला एकच शंका होती आणि ती तिनं मैत्रेयीच्या कानात विचारली. मैत्रेयीनं ती रूथला विचारली.

"पूर्वी वासराच्या पोटातलं घालायचे," रूथ म्हणाली. "माझ्या वडिलांनी बंद केलं. आता दूध आळायला जे घालतो, ते बुरशीपासून केलेलं असतं. तुम्ही निश्चिंत खा."

सुलभानं निश्चिंत खाल्लं. मी तिच्या शंकेची वाट न पाहता आधीच खाल्लं होतं. मी शाकाहारी आहे, पण चौकस नाही. त्या चीजची चव आधी सौम्य लागते, मग गिळून झाल्यावर मागून कुणीतरी हाक मारावी तशी परत येते.

यानंतर रूथनं जे सांगितलं ते मी कान देऊन ऐकायला हवं होतं. दुधातून चीजचा गोळा वेगळा काढला की मागे व्हे (हिरवट-पिवळं पाणी, आपण निवळी म्हणतो ते) उरते. त्यातली थोडी ती रात्रभर उबेत ठेवते, ती आंबते, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाला तीच लावते. तिच्या पणजोबांनी ती स्वित्झर्लंडहून जहाजातून आणली, तेव्हापासून एक दिवस न चुकता. बाकीच्या डेअऱ्या कंपनीची पूड वापरतात. पुडीनंही चीज होतं, पण त्याच्यावर टाल्बाखचा शिक्का मारायचा नाही, असा गावाचा नियम आहे.

या वेळी मी कढईच्या काठात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं का ते पाहत होतो.

रात्रीच्या जेवणाला रूथनं मॅकरोनी, बटाटे, कांदा आणि भरपूर चीज असा ऐवज केला होता आणि शेजारी सफरचंद शिजवून केलेला गोड लगदा. मी तो शेवटी गोड म्हणून खायचा असं समजून बाजूला राखून ठेवला. ताटातलं सगळं संपल्यावर वाटी पुढे ओढली, तेव्हा टेबलावरची माणसं माझ्याकडे बघत होती. तो मॅकरोनीवर घालून खायचा होता. "असंही चालतं," रूथ म्हणाली. इकडची माणसं नाराजीसुद्धा अशीच सौम्यपणे सांगतात, हे मला पुढच्या बारा तासांत नीट समजणार होतं.

तर दही. जेवायला बसण्याआधी, दिवेलागणीलाच सुलभानं कोमट दुधाला विरजण लावून डबा माझ्या हाती दिला होता. "उबदार जागा बघा. इथे थंडीत लागायचं नाही."

शॉमबर्गला आम्ही ओव्हनमधला दिवा लावून त्यात डबा ठेवतो. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात ही युक्ती चालते. आमच्या खोलीत ओव्हन नव्हता. मी खाली गेलो. जिन्याजवळच्या बोळात एक लाकडी कपाट दिसलं. दारावर हात ठेवला, तर गरम! उघडलं तर आत चक्क दिवा जळत होता. खालच्या फळीवर कापड बांधलेला एक उंच कॅन, वरच्या फळीवर घड्या घातलेल्या कापडांचा ढीग. मी म्हटलं, वा! शेवटी माणूस सगळीकडे सारखाच. पाहुण्यांचे टॉवेल आणि गरम पाणी ठेवायची काय छान सोय केली आहे! ढिगावर डबा डुगडुगत होता, म्हणून तो मी कॅनच्या तोंडावर, कापडावर ठेवला. झाकण जरा सैल केलं, कारण दह्याला हवा लागते असं सुलभाचं मत आहे.

पिवळी रेघ त्या कपाटाच्या अलीकडे होती की पलीकडे, याबद्दल आमच्या घरात अजून मतभेद आहेत. आणि स्वतःचं खाणं आत नेऊ नये, हे मला मान्यच होतं. पण न लागलेलं दही म्हणजे खाणं नव्हे, असा माझा प्रामाणिक समज होता.

सकाळी आम्ही खाली आलो तेव्हा रूथ त्या कपाटासमोर उभी होती. तिच्या हातात माझ्या सासूबाईंचा डबा होता, रिकामा. कापड ओझ्यानं कॅनमध्ये खचलं होतं, डबा कलंडला होता आणि आमचं दही कापडातून आत उतरलं होतं.

"हे कुणाचं?" रूथनं विचारलं. आवाज अगदी शांत.

डब्यावर 'सौ. इंदिरा' असं ठसठशीत कोरलेलं. साऱ्या विस्कॉन्सिनमध्ये असा डबा हरवू शकणारी माणसं आम्हीच. मी हात वर केला.

"हं," ती म्हणाली. "हे काही बरं झालं नाही."

मला वाटलं, एवढंच ना! मी खिशातून रुमाल काढून पुसायला पुढे झालो. मैत्रेयीनं माझा दंड धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, थांब. ती मदर व्हे आहे. काल रूथ सांगत होती ती. सिरियसली, तू ऐकत नव्हतास?" आणि मग आईकडे वळून एका दमात तिनं सगळं सांगितलं.

सुलभानं तोंडावर हात ठेवला. मग ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही त्यांचं विरजण नासवलंत."

आता मला कळलं. इंग्रजीतून दोनदा सांगूनही जे डोक्यात शिरलं नव्हतं ते या एका वाक्यानं शिरलं. पणजोबांपासूनचं विरजण. ते जहाजातून आणलं होतं त्यांनी. आणि मी त्यात शॉमबर्गच्या काकूंचं दही ओतलं.

"गाळून घेता नाही येणार?" मी विचारलं. मैत्रेयीनं माझ्या हातातला रुमाल काढून घेतला.

आदल्या संध्याकाळचं आणि त्या सकाळचं दूध टाकीत येऊन थांबलं होतं. संध्याकाळच्या धारेचं दूध यायच्या आत टाकी रिकामी व्हायला हवी होती. पूड घालून चीज केलं तर ते टाल्बाखचं नाही, आणि टाल्बाखची व्हे एकदा तुटली की तुटली. रूथनं फोन उचलला, नंबर फिरवला, वाट पाहिली, ठेवला. दुसरा फिरवला.

"तिला विचार," सुलभा मैत्रेयीला म्हणाली, "शेजारीपाजारी कुणाकडे नाही का? आपलं बिघडलं की आपण शेजारून आणतो."

मैत्रेयीनं विचारलं. रूथनं रिसीव्हर कानापासून दूर केला आणि सुलभाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तेच करतेय मी. दूध घालणाऱ्या प्रत्येक घरानं शरद ऋतूत व्हेची एक बरणी न्यायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायची, अशी इथली पद्धत आहे. अशा दिवसासाठीच. पण आत्ता सगळे गोठ्यात असतील, फोन कोण उचलणार? आणि मला ही टाकी सोडून जाता येणार नाही."

"आम्ही जातो," मी म्हणालो.

"मुलगी जाऊ दे," रूथ म्हणाली. "तुम्हीही जा. इथे थांबू नका."

पहिलं घर डोनाचं. ती गोठ्यात रबरी बुटांत उभी राहून एका गाईशी वाद घालत होती. मी नाव-गाव सांगून, अत्यंत नम्र शब्दांत, विस्तारानं प्रास्ताविक करू लागलो. मैत्रेयी मध्येच म्हणाली, "माझ्या बाबांनी रूथच्या व्हेमध्ये दही सांडलं."

डोनानं माझ्याकडे पाहिलं. "दही?"

"घरचं आहे," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

तिनं आम्हाला तळघरात नेलं. तिथला फ्रीजर आपल्याकडच्या दिवाणाएवढा. हरणाचं मांस, मटार, नातवाच्या वाढदिवसाचा उरलेला केक असं काय काय बाहेर आलं आणि तळाशी एक बरणी मिळाली. कागद गळून गेला होता. डोनानं झाकण काढून सुरीनं कोपरा खरवडला, जिभेवर ठेवला आणि विचार केला. "चिकन सूप," ती म्हणाली. "सुनेनं आवरलंय."

दुसऱ्या घरी उन्हाळ्यात वीज गेली होती, तेव्हाच सगळं टाकून दिलं होतं. तिसऱ्या घरातल्या काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की गेली दोन वर्षं त्यांनी बरणी नेलीच नाही. "रूथकडे असतेच की! म्हटलं, आपण कशाला?" त्यांना वाईट वाटत होतं. मला त्यांच्याहून जास्त वाटत होतं, पण त्यांना धीर देण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो.

डोनानं आम्हाला निघताना आणखी एक नाव सांगितलं होतं. व्हर्न. "त्यानं काही टाकलेलं नसेल. पण तो डेअरीत जात नाही. गुडघे गेले, गायी विकल्या. तेव्हापासून नाही. भांडण-बिंडण नाही हं. दूध घेतल्याशिवाय त्या दारातून आत कसं जायचं, म्हणतो."

व्हर्नचं घर टेकडीच्या माथ्यावर. पंचाहत्तरीचा, वाकलेला, काटक माणूस. रिकामा गोठा झाडत होता. एकही गाय नव्हती, पण जमीन अशी स्वच्छ, की पंगत बसवावी. या वेळी मी मैत्रेयीला बोलू दिलं नाही. स्वतःच सगळं सांगितलं.

तो झाडूवर हनुवटी टेकून ऐकत राहिला.

"कपाटात ठेवलंत."

"हो."

"कॅनवर."

"हो."

"झाकण सैल करून."

"दह्याला हवा लागते," मी म्हणालो.

व्हर्नचे खांदे हलू लागले. आवाज काही नाही, नुसते खांदे. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले, घरात गेला आणि टॉवेलात गुंडाळलेली बरणी घेऊन आला. "शेवटचं दूध घातलं त्या शरदातली आहे. दोन वर्षं झाली. जिवंत असेल, नसेल. न्या."

"तुम्ही येत नाही?" मैत्रेयीनं विचारलं.

"माझं काय काम आहे तिथे?"

तो वळून गोठ्याकडे निघाला. मी पुढच्या सीटवर बसलो. बरणी दगडासारखी गोठलेली होती आणि वेळ थोडा होता. मी मनाशी विचार केला, पोचेपर्यंत अर्धी तरी वितळायला हवी. म्हणून मी गाडीचा हीटर पुरता सोडला आणि बरणी त्याच्या गरम झोताला लावून धरली.

काचेवर टकटक झाली. व्हर्न. मला वाटलं होतं त्याहून तो कितीतरी भराभर चालू शकत होता. त्यानं दार उघडलं, माझ्या हातातून बरणी काढून घेतली, ती स्वतःच्या जॅकेटात घातली आणि मागच्या सीटवर सुलभाशेजारी जाऊन बसला.

"चला," तो म्हणाला. "हा माणूस गाडीत असताना ही बरणी मी एकटी सोडणार नाही."

 वाटेत सुलभानं आपली शाल काढून बरणीवरून घातली आणि व्हर्ननं मान हलवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण माझ्याबद्दल त्यांचं एकमत झालेलं स्पष्ट दिसत होतं.

डेअरीच्या दाराशी व्हर्न थांबला. हातात बरणी, पाय उंबऱ्याबाहेर. रूथ आत पाठमोरी होती. तिनं वळून पाहिलं नसावं, निदान मला तसं दिसलं नाही.

"दार लाव, व्हर्न," ती म्हणाली. "थंडी आत येते."

तो आत गेला आणि त्यानं दार लावलं. मी बाहेर राहिलो होतो, त्यामुळे ते मला पुन्हा उघडावं लागलं.

पुढचा सगळा दिवस मी पिवळ्या रेघेच्या अलीकडे एका खुर्चीवर बसून काढला. ती खुर्ची रूथनं स्वतः आणून ठेवली होती. तिथून हलायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. बरणीतला बर्फ कोमट पाण्यात हळूहळू वितळला, दूध कढईत पडलं, व्हे दुधात गेली. रूथ आणि व्हर्न कढईच्या दोन बाजूंना उभे. "जास्त ढवळतेस." "तू दोन वर्षं नव्हतास, तेव्हा कोण ढवळत होतं?" "म्हणूनच म्हणतो." असं त्यांचं चाललेलं. दूध आळलं, त्याचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे झाले. व्हर्ननं हात घालून मूठभर काढले, दाबले, अंगठ्यानं चोळून मोकळे केले, आणि म्हणाला, "आता."

मग मी जे पाहिलं ते कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही, कारण तिथला वास आणि वाफ त्यात येत नाही. रूथनं मोठ्या कापडाची एक कड लवचीक पोलादी पट्टीला गुंडाळली, दुसरी कड दातांत धरली आणि कढईवर अशी ओणवी झाली, की आता ही आत जाणार. पट्टी तळाशी घालून एका ओढीत तिनं तो सगळा गोळा कापडात घेतला. उरलेली दोन टोकं धरायला माणूस हवं होतं. व्हर्नचा गुडघा अडला. रूथनं मान वर केली आणि बोटानं सुलभाला खूण केली. सुलभा बूट बदलून, हात धुऊन, साडीवर पांढरा एप्रन आणि डोक्याला जाळी अशी आत गेली आणि तिनं कापडाची टोकं धरली. पिवळी निवळी धो धो गळत होती आणि तिघं मिळून ते ओझं साच्यात उतरवत होती. मला पाणी पुसायलाही कुणी बोलावलं नाही. मी फोटो काढले. तेही लांबून.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. त्या कढईतली निवळी कॅनमध्ये भरून कपाटात ठेवली गेली. ती रात्रभरात आंबली तर व्हर्नची बरणी जिवंत होती. नाही, तर टाल्बाखची व्हे संपली. आम्ही मुक्काम वाढवला. मैत्रेयीनं ऑफिसात फोन करून फॅमिली इमर्जन्सी सांगितली. खोटं काही नव्हतं.

सकाळी आम्ही खाली आलो तेव्हा व्हर्न आधीच येऊन उभा होता. डोनाही होती, आणि ते बरणी न नेणारे काका. रूथनं कॅनचं कापड सोडलं, वास घेतला, चमचा बुडवला आणि चाखलं. मग चमचा धुऊन पुन्हा बुडवला आणि या वेळी तो सुलभापुढे धरला. इतकी वर्षं विरजण लावणाऱ्या बाईचं मत तिला हवं होतं.

सुलभानं डोळे मिटून चव घेतली. तिचा चेहरा आधी आंबट झाला आणि मग फुलला.

"लागलंय," ती म्हणाली.

कुणालाच भाषांतराची गरज पडली नाही. डोनानं टाळ्या वाजवल्या. व्हर्ननं टोपी काढून पुन्हा घातली. मी माझ्या खुर्चीवरून उठून उभा राहिलो आणि रूथनं पाहिल्यावर परत बसलो.

त्या सकाळी रूथनं मांडणीवरच्या सगळ्या रिकाम्या बरण्या खाली काढल्या आणि एकेक भरली. "बरण्या द्यायचं मी सोडूनच दिलं होतं," ती म्हणाली. "कुणी मागत नव्हतं, मीही आग्रह करत नव्हते. असं व्हायला नको होतं. तुम्ही केलंत तेही नको होतं." डोनाला एक, काकांना एक, बाकीच्यांसाठी डोनाच्या ट्रकमध्ये खोकंभर. व्हर्न आपली बरणी घेऊन दाराकडे निघाला.

"उद्या सहाला," रूथ त्याला म्हणाली.

"माझ्याकडे आणायला काही नाही, रूथ."

"हात आण."

 व्हर्न हसला, "असंही चालतं" म्हणाला आणि गेला.

इकडे निरोप घेणं आपल्यासारखंच लांबतं. आधी टेबलापाशी, मग दारात, मग गाडीच्या खिडकीत. मी रूथची पुन्हा एकदा माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली, "ठीक आहे" म्हणाली नाही, आणि खिडकीतून एक बरणी आत मैत्रेयीच्या हातात दिली.

"मला?" मैत्रेयी म्हणाली. "मी कुठे दूध घालते?"

"इथे वादळानं वीज गेली तर सगळ्या गावाची एकदम जाते. तुझ्या गावाची जाणार नाही. पुढच्या शरदात ही परत आण आणि नवी घेऊन जा. वडिलांना आणलंस तर त्यांची खुर्ची आहे."

आम्ही परत निघालो. शॉमबर्गच्या रोषणाईत शिरेपर्यंत माझ्या डोक्यात तो कॅन आणि त्या बरण्या फिरत होत्या. आपल्याला वाटतं, जपायचं म्हणजे कुलूप लावून, उबेत, एका जागी ठेवायचं. तसं ठेवलं की माझ्यासारखा एक माणूस पुरतो. टाल्बाखची व्हे वाचली ती गायी विकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बरणीमुळे. तीही त्याला टाकवत नव्हती म्हणून राहिलेली. आता त्यातली थोडी इलिनॉयमधल्या एका मराठी घरात आहे, आणि रूथला ती हवी झाली तर आमची मुलगी कामधाम सोडून तीन तास गाडी हाकेल याबद्दल मला शंका नाही.

बरणी फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात आहे. मैत्रेयीनं तिच्यावर चिकटपट्टी लावून तीन ओळी लिहिल्या आहेत. पहिल्या ओळीत गावाचं नाव, दुसरीत 'टाकू नये'. तिसरी मराठीत मोठ्या अक्षरांत आहे: 'बाबा, हात लावायचा नाही.'

मी बर्फ काढायला जातो तेव्हा सुलभा सोबत येते.